“तुझंच बरोबर” म्हणणाऱ्याला काहीही न देण्याबद्दल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा टीव्ही दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणी मागे न लागता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बाकी कोणत्याही बाबतीत या डॉक्टरांच्या शब्दावर माझा आता विश्वास नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण त्याची घाई आहे हे मला कोणी कळू दिलं नव्हतं.

१. राहती दोन खोल्यांची जागा, भांडीकुंडी व गच्चीवरच्या कुंड्यांसह, माझ्या पत्नीला. तिच्या हयातीत ती विकायला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझा आजार तिनेही माझ्यापासून लपवला; पण तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून तीन आठवडे ती माझ्याकडे पाठ करूनच बोलत होती. तिला मी माफ केलं आहे.

२. बँकेतली ठेव पत्नी व मुलगी यांना निम्मी निम्मी.

३. दुकानाचा गाळा मुलाला. “बाबांना सांगू नका, ते खचतील,” असं हॉस्पिटलच्या जिन्यात डॉक्टरांना सांगणारा हाच. मी चाळीस वर्षं लोकांना तोंडावर सांगत आलो की तुमचा टीव्ही आता वाचायचा नाही. कोणी खचलं नाही. गाळा त्याच्या हक्काचा म्हणून देतो, रागाचं नंतर बघू.

४. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हरचा संच मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मेहुण्याने नऊ वर्षांपूर्वी “दोन दिवसांसाठी” नेलेली शिडी मेहुण्यालाच देत आहे, म्हणजे निदान त्याच्या घरात चोरीचा माल राहणार नाही.

५. शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला काहीही नाही. याचं कारण सविस्तर देणं भाग आहे.

दुरुस्त केलेला सेट गिऱ्हाइकाला देण्याआधी मी दोन-तीन तास चालू ठेवतो. कुठे दोष राहिला असेल, तर सेट तापल्यावर उघडा पडतो. चोवीस वर्षांपूर्वी एका बुधवारी दुपारी अशाच सेटवर मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत लागली होती आणि चष्मेवाला आपलं स्टूल घेऊन आत आला. तेव्हापासून दर बुधवारी आमचा एकच वाद: या खेळातला आजवरचा सर्वश्रेष्ठ लढवय्या कोण? त्याचा साहेब, माझा कानफाट्या. ही नावं आम्हीच ठेवलेली. साहेब सत्तावीस लढती लढला, एकही हरला नाही आणि तिशी ओलांडताच निवृत्त झाला. कानफाट्याचे कान मार खाऊन चुरगळलेले. चार वेळा हरला, पण दोन वजनगटांत जिंकला आणि ज्याने हात मोडला त्यालाच हात जुळल्यावर पुन्हा भिडला.

“हरणारा सर्वश्रेष्ठ कसा रे?” हा म्हणायचा.

“सोयीचे गडी निवडले की कोणीही हरत नाही,” मी म्हणायचो.

टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर आम्ही नियम लिहिला: काही झालं तरी बाजू बदलायची नाही. त्याचे वडील गेले त्या आठवड्यातही तो आला आणि साहेबाच्या लाथेवर तासभर बोलला. मी एकही मुद्दा सोडला नाही. त्याला तेच हवं होतं, हे मला समजत होतं.

गेल्या महिन्यात तो हॉस्पिटलात मोसंबी घेऊन आला. मी पडल्यापडल्याच म्हटलं, “बस. साहेबाने कधी दमून पाच फेऱ्या काढल्यात का, तेवढं सांग.” तो मोसंबं सोलत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “जाऊ दे रे. तुझंच बरोबर. कानफाट्याच मोठा.”

मला माझा आजार त्या वाक्याने कळला. रिपोर्ट मागायची गरज उरली नाही. घरच्यांनी लपवलं त्याचं दुःख आहे, पण याने केसाने गळा कापला. मी भिडण्याच्या लायकीचा उरलो नाही, असं परस्पर ठरवून मोकळा झाला. चोवीस वर्षांत वाद जिंकलो तो असा, भीक घातल्यासारखा. त्यानंतर तो तीन बुधवार आलेला नाही. मला त्याचा फार राग आला आहे आणि त्याची आठवणही येते.

६. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई सांगतात. चष्मेवाला मला साक्षीदार म्हणून हवा आहे, हे त्याला काही न देण्याचं दुसरं कारण. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. त्याने तो माझ्यासमोर, मोठ्याने वाचावा.

वरील सर्व मजकूर माझाच असून त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सात मार्च, दुपारी
मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला, समोरचा किल्लीवाला: (सही)

साक्षीदार दुसरा, चष्मेवाला: (सही)
सही माझ्यासमोर झाली. पाचवं कलम वाचताना दोनदा थांबलो, त्याची नोंद कोणी घेऊ नये. हॉस्पिटलातलं माझं वाक्य मी मागे घेत आहे. चार वेळा हरलेला माणूस सर्वश्रेष्ठ असूच शकत नाही, आणि हे तुला चोवीस वर्षांत कळलेलं नाही. मुद्दे काढून ठेव. बुधवारी येतो.