दुसऱ्या गाडीवरचा कांदा

प्रिय सौ.,

मी ठणठणीत आहे, खोकलाही गेला. हॉटडॉगच्या आता दोन गाड्या झाल्या. एक माझी कचेऱ्यांसमोर, दुसरी तुझ्या धाकट्या भावाची बस स्टँडपाशी. आईचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट मात्र खटकत होती. सॉसेज तेच, पाव एकाच बेकरीतले, तरी रांग त्याच्याकडे. माझी नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा तिकडे चालत जायला लागली. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हा पठ्ठ्या माझ्या पाठीमागे काहीतरी शिजवतोय.

परवा माझी गाडी बंद ठेवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझी पाळी आली, तर मान वर न करता म्हणतो, "दाजी, तुम्हाला मोहरीचा सॉस कमी ना?"

मुकाट्यानं घेतला आणि खाल्ला. वरचा कांदा गूळ घालून मंद आचेवर परतलेला. ही तर तुझ्या हातची चव! म्हणजे भावाला गुपचूप कृती आणि नवऱ्याला नुसतं "तब्येतीला जपा"?

त्याला तिथंच धारेवर धरलं. तो म्हणाला, "ताईनं आधी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला धंद्यातलं काय कळतं."

म्हणालो असेन.

आता तिसरी गाडी घ्यायचं मनात आहे. तिच्यावर काय ठेवू, ते तू सांग. या वेळी ऐकतो. फक्त त्याला आधी कळवू नकोस.

तुझेच,
अहो