ज्ञानू गोंधळ्यांच्या तुणतुण्याचे यंत्र

मी, बना रखमाजी धुमाळ, वय पंचवीस, अविवाहित, राहणार विंझर, लिहिते की मी शुद्धीवर आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही आणि कोणावर प्रसन्नही नाही. येत्या सोमवारी पुण्यास माझ्या पोटावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी खात्री दिली नाही. मी मागितलीही नाही.

१. वडिलांनी माझ्या नावे केलेली दोन खणांची जागा आई सोजराबाई हिला द्यावी. तिला तेथून कोणी उठवू नये.

२. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे, मी स्वतः बांधलेले आवाज वाढविण्याचे यंत्र ज्ञानू गोंधळी, राहणार पाली, यांस द्यावे. संबळापुढे त्यांचे तुणतुणे कोणास ऐकू येत नसे. लष्करी हेडफोनमधील चुंबक व गुंडाळी मी त्यांच्या तारेखाली बसविली. पहिल्यांदा वाजले तेव्हा ते म्हणाले, "बाय, जलमभर वाजवतुया, पर ऐकलं म्या आजच."

यंत्रातील शेवटच्या दोन व्हॉल्व्हना, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांना, विजेचा ऋण दाब द्यावा लागतो. त्यास बायस म्हणतात. तो उणे साडेबावीस व्होल्ट ठेवावा. त्याहून अधिक ऋण केल्यास हलका झणत्कार खरवडल्यासारखा, तुटत येतो. कमी ऋण केल्यास आवाज आधी जाड आणि गोड लागतो, मग बसतो. आतला पत्रा लाल होतो आणि व्हॉल्व्ह मरतो. हा दाब मोजण्याचे मीटर यंत्राबरोबरच द्यावे.

३. चुलतभाऊ आनंदराव यांस यंत्रास हात लावण्याचा हक्क नाही. कारण लिहिते. गेल्या चैत्रात जत्रेत मी जेवायला गेले असता त्यांनी बायसचा स्क्रू फिरवून पत्रे लाल केले, यंत्राची उघडी बाजू लोकांकडे वळविली आणि हे देवीचे तेज आहे असे सांगितले. रांग लागली. गुलाल, नारळ, लोटांगणे. ज्ञानूबाबा वाजवतच होते. आवाज ओल्या गोणीखालून यावा तसा येत होता.

मी म्हटले, "दादा, व्हॉल्व्ह जळतोय."

"आवाज कुनाला पायजेल, बने? लोकांना तेज पायजेल."

"जळतोय म्हणते मी."

"जळू दे की. नारळ बी फुटतोच."

एका बाईने नारळाचे पाणी शिंपडले. तापलेली काच फुटली. गोंधळ्याच्या हातून चूक झाली, देवी कोपली, असा बोभाटा झाला. आनंदराव ते ऐकत नारळ गोळा करीत राहिले. तेव्हापासून ज्ञानूबाबांना एकाही घरी गोंधळास बोलावणे नाही. मला या प्रकाराची किळस येते. आजारापेक्षा अधिक येते.

म्हणून मामा चिमाजी यांनी हे कलम पुढच्या जत्रेत, त्याच यंत्रातून, हेडफोनच्या उरलेल्या कानात बोलून, सर्वांसमक्ष वाचावे. व्हॉल्व्ह स्क्रूने आणि पाण्याने फुटला. देवीचा त्यात संबंध नाही. ज्ञानूबाबांचा तर मुळीच नाही. वाचून झाल्यावर ज्ञानूबाबांनी वाजवावे.

४. यंत्रास मी नवा व्हॉल्व्ह बसविला आहे व सागवानी पेटी करविली आहे. पुढची बाजू बंद आहे. हवेची छिद्रे मागे आहेत.

वरील मजकूर आनंदराव यांस वाचून दाखविला. ते म्हणाले, "वाचा की, माझं काय जातंय? पर पेटीला फुडं काच ठिव, बने. नायतर बघायला येनार कोन?"

काच ठेवू नये.

सही: बना रखमाजी धुमाळ
मुक्काम विंझर, ता. ९ फेब्रुवारी १९४७

साक्षीदार, ज्यांनी सही समक्ष पाहिली:
कोंडिबा नाथा शिळीमकर (सही)
अंबूबाई गेनबा मरळ (डाव्या हाताचा अंगठा)