शिंगाड्याची दोन पिठं

गुरुवार, १३ फेब्रुवारी १९९२

निघालो होतो महूला, आणि शिरलो कुठे, तर कृष्णपुऱ्याजवळच्या काचेच्या दाराच्या नव्या दुकानात. का, कुणास ठाऊक. उपवासाचं शिंगाड्याचं पीठ होतं, बंद पाकिटात. भाव जुनी इंदूर भागातल्या आमच्या नेहमीच्या दुकानाच्या अडीचपट. तरी घेतलं. बाबांची बंद मिल सुरू व्हावी म्हणून आई एकवीस गुरुवार करतेय, एखादा तरी चांगल्या पिठाचा होऊ दे.

घरी उगाच दोन्ही पिठं भिजवून बघितली. पाकिटातल्याचा गोळा हातातच फुटला. आमचं स्वस्तातलं मात्र कणकेसारखं ताणलं गेलं. चिवट. म्हणजे त्यात गहू! उपवासाला गहू खाल्ला की व्रत मोडलं, पुन्हा पहिल्या गुरुवारापासून सुरुवात. आणि दुकानदाराचं "एकदम शुद्ध है भिया" ऐकून ते दर वेळी आणलं कुणी? मीच.

सांगावं की नाही? शेवटी तो चिवट गोळा आईपुढे धरला. तिने हातही लावला नाही.

"पहिल्याच गुरुवारी कळलं होतं रे. मळताना कळतंच."

"मग पुन्हा सुरू का नाही केलंस?"

ती काही बोलणार, तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावरून बाबांची हाक आली. "आज कितवा गं?"

"चौदावा," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "सातच राहिले."

बाबा लगेच शेजारच्यांना ओरडून सांगायला लागले, "बस, सात गुरुवार और!" किती दिवसांनी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला.