तारा तुम्ही चुकीच्या लावायला शिकवल्यात

मास्तर,

आज रविवार आहे, दुपारचे सव्वातीन वाजलेत. डबल बेसच्या तारांवर साचलेला गजाच्या राळेचा भुगा मी फडक्याने पुसत होतो. पुसता पुसता तुमचा इतका राग आला, की फडकं बाजूला ठेवलं आणि लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल कुणाजवळ वाईट बोललो नाही, कारण बोलायला लागलं की समोरचा म्हणतो, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. म्हणून तुमच्याशीच बोलतो.

सोलापुरातल्या भवानी पेठेतलं तुमचं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीला माळा होता, त्याखाली वाद्य उभं राहत नसे. म्हणून व्हायोलिनसारखा पण माणसाहून उंच तो डबल बेस गॅसच्या शेजारी भिंतीला टेकून असायचा. काकू त्याला वळसा घालून पोळपाट काढायच्या. "ह्याला उभं राहायला जागा हाय, मला न्हाय," असं म्हणत फोडणी द्यायच्या आधी त्याच्यावर जुनी चादर टाकायच्या. मी नववीत शाळा सोडलेली, दिवसभर मागावर टॉवेल विणायचो आणि सुटलो की हातपाय धुऊन तुमच्याकडे. तुम्ही वीस वर्षं मुंबईत मोठ्या वाद्यवृंदांत हे वाद्य वाजवलंत, सिनेमाच्या गाण्यांत वाजवलंत. यंत्रातून सगळे आवाज निघायला लागल्यावर काम संपलं, मग सोलापुरात परत येऊन लग्नाचा बँड काढलात. हे मला गल्लीतल्या लोकांनी सांगितलं. तुम्ही मुंबईचं नाव काढत नव्हता. एकदा मीच म्हणालो, मला पण तसल्या मोठ्या वाद्यवृंदात बसून वाजवायचंय. तुम्ही नुसतं "बघू की" म्हणालात.

तुम्ही समोर स्टुलावर बसलाय. "बोट उचलू नको. तार काय पळून जाती व्हय?" मी बोट दाबून धरतो, बोटाला चीर पडते, तरी धरतो. "आता डोळे झाकून लाव. सा, प, सा, प." मी चारही तारा तशा लावतो, तुम्ही कान देता आणि मान किंचित हलवता. तेवढी मान हलली, की दुसऱ्या दिवशीचं काम मला हलकं जायचं. मग तुम्ही बांधलेल्या रचना. फक्त तुमच्याच. मी एकदा विचारलं, "मास्तर, दुसऱ्या कुणाचं काही वाजवू का?"

"का रं? माझं वाजवून हात झिजला का तुझा?"

काकू हसल्या, मीही हसलो. आता हसू येत नाही.

वरातीत सगळा बँड चालत वाजवतो आणि हे वाद्य घेऊन चालता येत नाही. म्हणून तुम्ही ते हातगाडीला उभं बांधलंत. दुसरा कुणी गाडी ढकलायचा, मी शेजारून तिरका चालत गज ओढायचो. नवऱ्याचा मामा ओरडला, "ओ मास्तर, हे कपाट घेऊन कुटं निघालाय? रुखवताचं हाय का?" तुम्ही वळून म्हणालात, "कपाटच हाय, मामा. तुमचा आहेर मावतो का बघा की." सगळी वरात हसली. त्याच गोंधळात तुम्ही मला खूण केलीत आणि मी तुमच्या सगळ्यांत लांब रचनेची सुरुवात वाजवली. ट्रम्पेट आणि ताशांत ती कुणालाच ऐकू आली नाही. तुम्ही मात्र रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभे होता. तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला होता. ते आठवलं की आज जास्तच चीड येते.

तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आत मी मुंबईला एका वाद्यवृंदाच्या निवडीला गेलो. एवढं मोठं वाद्य रेल्वेने नेता येईना, तिथलंच वाजवायचं ठरलं होतं. मी गज ओढला आणि सगळं बेसूर. मला वाटलं, हवेने झालं असेल. घाबरत म्हणालो, "सर, तारा उतरल्यात," आणि त्यांच्यादेखत किल्ल्या पिळायला लागलो. समोर बसलेल्या एक बाई हसल्या. एक म्हातारे वादक उठून आले आणि त्यांनी माझा हात धरला. "बाळा, तारा बरोबर आहेत. सगळीकडे अशाच लावतात, एकीपासून दुसरी मध्यमावर. तुला कोणी शिकवलं?"

मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "तो? माझ्या शेजारी बसून वाजवायचा. त्याच्याइतका सुरात कोणी नव्हता. पण ह्याच तारांवर वाजवायचा तो." मी म्हटलं, ते रचना करायचे. "रचना? आम्हाला कधी बोलला नाही."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मास्तर. वीस वर्षं तुम्ही बरोबर तारांवर वाजवलंत आणि मला एक अक्षर सांगितलं नाहीत. तुमच्या रचनांना खालच्या तारा तंबोऱ्यासारख्या घुमायला हव्या होत्या. मुंबईत त्यासाठी कुणी तारा बदलल्या नसत्या, आणि विचारायची तुम्हाला लाज वाटली असणार. मग सोलापुरात माझ्यासारखा एक धरलात, ज्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला मला वादक करायचं नव्हतं. तुम्हाला तुमच्या रचनांसाठी आणखी एक वाद्य हवं होतं. आजारपणात मी रोज तुमच्या उशाशी बसत होतो. तेव्हा तरी सांगायचं. "पोरा, तारा वेगळ्या असतात" एवढंच. पाणी मागायला तुमचा आवाज निघत होता.

काकूंनी वाद्य मला दिलं. "घिऊन जा बाबा, मला माझा ओटा दिसू दे," म्हणाल्या आणि दारात उभ्या राहून रडल्या. मी त्याच्या तारा बदलल्या आणि पहिल्यापासून शिकायला लागलो. सकाळी जुळे सोलापूर भागात मुलांना कीबोर्ड शिकवायचो, उरलेल्या वेळात हे. नवं शिकणं सोपं होतं, बोटांतलं तुमचं काढणं अवघड. बोटं चुकून तुमच्या जागी गेली, की मी त्यांच्यावर गजाची काठी मारायचो. शेवटी कंटाळून तुमची ती लांब रचना मी नव्या तारांवर बसवली. घुमणाऱ्या तारा गेल्या, तिथे मला दुसरे सूर भरावे लागले. मधला एक भाग पूर्ण काढला.

गेल्या आठवड्यात पुण्यात एका वाद्यवृंदाची निवड होती. तिथे तिशीनंतर घेत नाहीत, म्हणजे माझी ही शेवटची संधी. निवडायला मुंबईतले तेच म्हातारे वादक. त्यांनी समोर ठेवलेलं मी सगळं वाजवलं, एकही बोट चुकलं नाही. मग ते म्हणाले, "आता तुझ्या मनाचं काहीतरी." मी ती रचना वाजवली. संपल्यावर त्यांनी विचारलं,

"कुणाची आहे?"

"माझी," मी म्हणालो.

"हो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घेऊन ये. पहिल्याच कार्यक्रमात ठेवू."

माझी निवड झाली. कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे, काल त्यांनी रचनेखाली घालायला माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि मी ते नीट सांगितलं. तुमचं नाव अजून सांगता येईल. एक फोन करायचा आहे, तो मी करणार नाही. हे पत्र सुरू केलं तेव्हा मला लिहायचं होतं, की मी रागाने तसं बोललो, तुम्ही माझं घेतलंत तसं मी तुमचं घेतलं. ते खरं नाही, मास्तर. त्यांनी विचारलं तेव्हा मला राग आलेला नव्हता. वाजवताना तुमची आठवणच झाली नव्हती.