आई हल्ली भांबावतात

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या मुग्धाला बघायला आज वैरागहून पाहुणे आले होते. सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या, आणि सासूबाई सहज बोलून गेल्या, "ल्हानपणी हिला फिट येत हुती की. आता न्हाय." खरंच आहे. पण म्हणून तिथं सांगायचं?

मी हसून म्हणाले, "आई हल्ली भांबावतात हो."

वेड लागलंय म्हटलं असतं तर स्थळच गेलं असतं. खोटं बोलतात म्हटलं असतं तर भांडण. भांबावतात म्हटल्यावर मुलाच्या आईनं लगेच मान हलवली, "वयच हाय त्यांचं." भांबावणं म्हणजे जत्रेत हात सुटलेल्या पोराचं होतं ते. सासूबाईंचं डोकं तर माझ्यापेक्षा लख्ख. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय, भांबावते मी." नातीसाठीच म्हणाल्या असणार.

पाहुणे गेल्यावर त्या नेहमीसारख्या शेंगा भाजायला उठल्या. चटणी त्यांचीच, उखळात कुटलेली. इतक्या वर्षांत मला मुसळाला हात लावू दिला नाही. तर हेच म्हणाले, "आई, गॅसजवळ नको जाऊस. भांबावतीस तू."

फिट आली की मुग्धाला दवाखान्यात हेच न्यायचे. विसरले? की सोयीचं वाटलं?

सासूबाईंनी पुन्हा माझ्याकडं तसंच पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी त्यांच्या हातातून कढई घेतली.

मिक्सरवर चटणी लगेच झाली. बरी झाली.