सोयीसाठी कापलेला रेणू

१२ जून २००६
आई एकदा म्हणाली होती, तुझं गणित चुकलं की तू आधी शेजारणीच्या पाटीवर चूक शोधतीस. मी तेव्हा तिसरीत होते. आज हे का आठवलं, कळत नाही.
घरी नवा कॉम्प्युटर आला. या पावसाळ्यात पीएच.डी. संपवायचीच. विषय सोपा आहे. दोन रेणू, मध्ये तांबं. तांबं दोघांना धरतं आणि त्यांचं एक कडं होतं. ते सुलट जुळतं की उलट, हे कॉम्प्युटर सांगणार. डोंगर ओलांडायच्या दोन वाटा. जिची खिंड ठेंगणी, ती खरी.
संकल्प: घरात कुणावर चिडायचं नाही.

१९ जून
रेणू मोठा, कॉम्प्युटरला झेपत नाही. त्यात लोडशेडिंग. तांब्याला चिकटलेले अणूंचे दोन अवजड गट कापले, तिथे हायड्रोजन लावले. सोयीसाठी. सगळेच कापतात.
ह्यांनी दुकानाला जाता जाता विचारलं, काय, सापडली का खिंड, का अजून घाटातच? चिडले.

८ जुलै
सापडली. सुलट. गोडाचं म्हणून गव्हाची हुग्गी केली.

११ जुलै
हीच अभिक्रिया आमच्या लॅबमध्ये सोनम प्रत्यक्ष करते. पेठ वडगावची मुलगी, फेलोशिपवर आहे. म्हणाली, मॅडम, उलट पदार्थ येतोय. म्हटलं, काचसामान नीट धू. धुतलंय की, म्हणाली. परत धू, म्हटलं.
रागावले नाही. समजावलं.

२ ऑगस्ट
परत उलट. द्रवणांक तेच सांगतोय, स्पेक्ट्रमही तेच, असं तिचं म्हणणं. म्हटलं, कॉम्प्युटरला हात नसतो, म्हणून त्याचा हात चुकत नाही. वाक्य चांगलं जमलं. ती हसली नाही. म्हणाली, मॅडम, तुमचा आणि माझा रेणू एकच आहे न्हवं?
अर्थात, म्हटलं.

१७ ऑगस्ट
फेलोशिप वाढवायची मीटिंग. आमच्या गाइड सरांनी विचारलं, पोरगी कशी आहे? म्हटलं, मेहनती आहे, पण हात अजून बसला नाही. तिच्या भल्यासाठीच बोलले. चहा गार झाला होता, तरी प्यायले.

२९ ऑगस्ट
फेलोशिप वाढली नाही. सोनमने कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. राजारामपुरीत बारावीच्या क्लासला शिकवणार म्हणे. म्हटलं, छान, अनुभव मिळेल.
डबा खाल्ला नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

१५ सप्टेंबर
सर म्हणाले, परीक्षक विचारतील, एकदा पूर्ण रेणू घेऊन बघा. नुसती औपचारिकता. सुलटच येणार.

६ ऑक्टोबर
उलट.

११ ऑक्टोबर
दुसऱ्या बाजूने सुरुवात करून पाहिलं. उलट. त्या अवजड गटांमुळे सुलट जुळायला जागाच उरत नाही. एवढंच होतं.
सरांना आकडे दाखवले. खूश झाले. त्या मुलीच्या प्रयोगाशी किती छान जुळतंय, म्हणाले. सर, तिचा हात, एवढं बोलले आणि त्यांचा फोन वाजला. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर
सरांना आज सांगायचंच, असं ठरवून गेले. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन आले.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
सोनमच्या क्लासखाली गेले. ती जिन्यात आली, हाताला खडू. म्हणाली, मॅडम, पावण्यासारखं खाली काय उभारलाय, वर या की.
तिथेच सांगितलं. रेणू मी कापला होता. तुझा हात बरोबर होता. सरांना मी उलटं सांगितलं.
तिने हाताचा खडू झटकला. मग म्हणाली, रेणूचं मला वाटलं होतं. सरांचं न्हवतं वाटलं. पोरं थांबल्यात, म्हणाली आणि वर गेली.
समोरच्या कट्ट्यावर बसून हे लिहितेय. वरून तिचा आवाज येतोय, चांगलं शिकवते. ती नाही म्हणणार, माहीत आहे. म्हणायलाच हवं. तरी तास सुटला की विचारणार आहे: सोनम, सरांपुढे तुझ्याबद्दल खरं बोलायचंय, पण एकटीला धीर होत नाही गं. माझ्यासोबत येशील का?