गोळीवाले आणि उपाशी शेवंडी

४ फेब्रुवारी

ती. आई,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र काल मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि बरा होताच तुम्ही स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे उतरवलेत हे वाचून तो पुन्हा बाहेर आला. फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंत, वेळेवर जेवतेस ना? जेवते हो. इथे न जेवणारं मंडळ वेगळंच आहे, त्याचीच गोष्ट सांगते.

प्रयोगशाळेत मला नवं काम मिळालंय, शेवंडींचं. हॉटेलवाले ज्यांना लॉबस्टर म्हणतात, त्याच. खालच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या तीन रांगा आहेत. पहिल्या रांगेला ताजे शिंपले, दुसरीला कारखान्यात बनलेल्या खाद्याच्या गोळ्या, आणि तिसरीला काहीच नाही. आता तुम्ही पत्र खाली ठेवून म्हणणार, “काय मेलं तुमचं शिक्षण, मुक्या जिवाला उपाशी ठेवता!” जरा थांबा. शेवंड समुद्रातही कितीतरी दिवस न खाता काढते, आणि प्रयोग संपला की तिसऱ्या रांगेला मीच पोटभर घालणार आहे. हे करायचं ते अशासाठी, की कोळी शेवंडी पकडतात आणि चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत पिंजऱ्यात ठेवतात. तेवढ्या दिवसांत शेवंड आतून रोडावते. पण कवच काही आक्रसत नाही! मांस कमी होतं, त्याची जागा पाणी घेतं, आणि वरून बघावं तर बाई ठणठणीत. कळतं ते फक्त रक्तावरून.

रक्त लाल नसतं बरं का. आपल्या रक्तात लोह, त्यांच्या रक्तात तांबं. मागच्या पायाच्या बुडाशी मऊ जागा असते, तिथून बारीक सुईने थोडंसं काढायचं. बशीत ठेवलं की हळूहळू निळसर होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अख्ख्या हॉलला बोलावून दाखवलं. मग त्यातला एक थेंब दुर्बिणीसारख्या छोट्या नळीच्या काचेवर ठेवायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि डोळा लावायचा. रक्तात प्रथिनं भरपूर असली की आतली रेघ वर दिसते. उपास घडला की रक्त पातळ होतं आणि रेघ खाली येते.

तर झालं असं, की उपाशी रांगेची रेघ उतरली, ते ठीकच. पण गोळ्यांच्या रांगेचीही तिच्या मागोमाग उतरू लागली! आमच्या प्रमुख मॅडमनी आधी माझ्यावरच डोळे वटारले. “नमुने एकमेकांत मिसळलेस.” मी पुन्हा काढले. तेच. “मग नुकतीच कात टाकली असेल, तेव्हाही रक्त पातळ होतं.” तपासलं. सगळ्यांची कवचं जुनी, टणक. शेवटी मी खाद्यवाल्यांना कळवलं, की तुमच्या गोळ्या खाऊन आमच्या शेवंडी उपाशी राहतायत.

आज सकाळी ते गृहस्थ स्वतः हजर! गोळ्या त्यांनीच तयार केलेल्या. उंच, जरा वाकलेले, खांद्यावर पिठाचा थर, हातात बादली. दळणाच्या यंत्रापाशी काम करून करून त्यांना ओरडून बोलायची सवय लागलीय.

“माझ्या गोळ्यांत काय कमी आहे?”

“ते तुम्ही सांगा. रक्तात काही उतरत नाही.”

“पण खातायत ना?”

“टाकलेली गोळी नाहीशी होते, एवढं खरं.”

“मग तुमची नळी बिघडलीय!”

मी शिंपल्यांच्या रांगेतला थेंब काचेवर ठेवला आणि नळी त्यांच्या हातात दिली. मग गोळ्यांच्या रांगेतला ठेवला. खिडकीकडे तोंड करून त्यांनी दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा पाहिल्या. शेवटी “उद्या येतो” म्हणाले आणि बादली इथेच विसरून गेले. हट्टी दिसतात. हॉलमध्ये सगळ्यांनी त्यांचं नाव ‘गोळीवाले’ पाडलंय.

हे सगळं तुम्हाला लिहावंसं वाटलं, कारण या कामावर मला परत धाडलंत तुम्हीच. तुमचा लेक गेल्यावर मी खोलीतून बाहेर येईना, तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाला होतात, “माझा मुलगा गेला, आता सूनही अशी बसून घालवू का?” तुमचेच डोळे सुजलेले होते तेव्हा.

स्टुलावर चढू नका. शेजारच्यांना हाक मारा.

तुमची सून

१९ मार्च

ती. आई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नका. विशेष काही नाही. म्हणजे आहे, पण आधी शेवंडींचं सांगते.

दुसऱ्या दिवशी तो गोळीवाला खरंच आला. टाकीसमोर दोन स्टुलं टाकून आम्ही बसलो आणि एक गोळी आत सोडली. शेवंड आली, पुढच्या पायांनी गोळी उचलली, तोंडाशी नेली आणि कुरतडू लागली. कुरतडते, फिरवते, मिशा हलवते, पुन्हा कुरतडते. चहा निवला तरी बाईंचं जेवण चालूच. तेवढ्यात गोळी पाण्यात फुगली, तिचा भुसा झाला आणि निचऱ्याच्या जाळीतून पसार! पोटात गेली ती चिमूटभर. टाकी स्वच्छ दिसायची ती यामुळे.

“मी माशाच्या अंदाजाने बनवली,” तो म्हणाला. “मासा गटकन गिळतो. ही तर चवीचवीने जेवते!” आणि स्वतःवरच हसत सुटला. इतका मोकळा, की टाकीतल्या शेवंडी दचकून मागे सरल्या. मग मीही हसले. आई, मला माझाच आवाज ओळखू येईना.

पुढचं काम गोळी घट्ट करायचं. कारखान्याचं यंत्र त्यासाठी थांबवता येईना, म्हणून ते माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं. कधी स्टार्च, कधी समुद्रातल्या शेवाळाचा चिकट रस. वासाने शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. तुम्ही दिलेलं मोठं पातेलं तळाशी जळलं, पण ते त्यानेच घासून लख्ख केलं. त्याच्या आवाजामुळे अख्ख्या मजल्याला आमचा विषय कळतो. “अजून चिकट हवं!” असं तो ओरडतो आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यातून विचारतात, “काय चिकट हवं?”

तो कामापुरताच येतो, हे सांगायला हवं. आला की ऑम्लेट करतो, कारण त्याच्या मते मी नीट जेवत नाही. तेही कामापुरतंच.

आता हे लिहिलंच आहे तर खरं सांगते. मी नीट जेवत नव्हते. एकटीसाठी शेगडी पेटवावीशी वाटत नसे. डबा निम्मा परत यायचा. तुम्हाला काळजी नको म्हणून पत्रात ‘जेवते’ लिहायची. आता मात्र खरंच जेवते. मागच्या आठवड्यात तर त्याच्या ताटातलंही उचललं.

नवी गोळी अखेर जमली. शेवंडीचं जेवण संपेपर्यंत फुटत नाही. काही आठवडे तीच घातली आणि काल रक्त काढलं.  नळी डोळ्याला लावली, आणि आई, रेघ वर! पुढची शेवंड, तिचीही वर! मॅडमनी नळी हिसकावून घेतली, बघितलं आणि चक्क टाळी वाजवली. लगेच तिसऱ्या रांगेचा उपास सोडला. शिंपले पडताच सगळ्या मिशा हलवत कोपऱ्यांतून अशा धावल्या, की तुम्ही असतात तर पदर खोचून वाढायलाच लागला असतात.

या गडबडीत त्याने मला हळूच काहीतरी विचारलं. म्हणजे त्याच्या मते हळूच. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.  मॅडमच्या हातात नळी तशीच.

त्याने विचारलं, “लग्न कराल का माझ्याशी?”

मी म्हटलं, “मला आधी आईंना विचारायचंय.”

“आईंना?”

“माझ्या सासूबाईंना.”

तो मग म्हणाला, “विचारा. मी थांबतो.” हे मात्र खरंच हळू म्हणाला. फक्त मला ऐकू आलं.

तर विचारते. पण काय विचारू? तुमच्या लेकाला मी विसरले असं तुम्हाला वाटेल का? मी नाही विसरले. गोळीवाल्याला त्याचं सगळं सांगितलंय, तो ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही. मला अडतं ते वेगळंच. तुमच्या लेकामुळे मी तुमची सून. उद्या दुसऱ्या घरची झाले तर तुमची कोण राहीन? तुम्ही एकट्या, आणि मला हक्काने रागावणारं तुमच्याखेरीज कोणी नाही. तुम्ही नको म्हणालात तर नको. मनापासून लिहिते आहे.

तुमची
(इथे काय लिहू ते सुचत नाही)

२४ मार्च

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चष्मा लावून एकदा वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा.

जन्म माझा शाळेत वह्या तपासण्यात गेला. पहिल्या पत्रात ‘ते गृहस्थ’ होते. दुसऱ्या पत्रात पहिल्याच उल्लेखाला ‘तो’ झाला. तुझ्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. त्या पत्राचा उरलेला भाग मी नुसता पुरावा म्हणून वाचला.

रडले. खोटं कशाला सांगू? लेकासाठी रडले, ते तर नेहमीचंच. मग तोंड धुतलं, खिडकीत उभी राहिले आणि त्या हॉलमधली फजिती आठवून इतकी हसले, की शेजारीण विचारायला आली. तिला सगळं सांगितलं. आता गल्लीभर झालंय, तेव्हा माघार घेऊ नकोस.

माझ्या लेकाला विसरायचं कुणी म्हटलंय? आपण दोघी मिळून आठवू, आणि तुझ्या या माणसालाही ऐकवू. ओरडून बोलतो हे तर उत्तमच. ज्याचं बोलणं मला अख्खं ऐकू येईल असं एक तरी माणूस या घरात येऊ दे.

खोटं ‘जेवते’ लिहिलंस त्याबद्दल मात्र समोर आलीस की बोलणार आहे. हक्काने.

एक अट आहे. लग्न इथे, या घरात होईल. मुलीचं लग्न आई आपल्या घरी लावते. मी उद्यापासून भिंतींना रंग द्यायला माणूस बोलावते आहे, आणि स्टुलावर तोच चढेल.

आणि ते ‘अहो आई, तुम्ही’ आता पुरे झालं. ते सासूला म्हणतात. यापुढे ‘अगं आई’ म्हण. जड जाईल सुरुवातीला, मलाही जाईल ऐकायला. होईल सवय.

लवकर ये. दोघंही या.

तुझी
आई